ओतशाळेतील व्यावसायिक आरोग्य व सुरक्षितता

ओतशाळेतील व्यावसायिक आरोग्य व सुरक्षितता हा धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या उद्योगातील अपघात, व्यवसायजन्य आजार आणि त्यांचा प्रतिबंध यांचा विचार करणारा औद्योगिक सुरक्षाशास्त्राचा विषय आहे. बीड, पोलाद, ॲल्युमिनियम, पितळ व ब्राँझ यांच्या ओतकामाचा त्यात मुख्यत्वे समावेश होतो. भारतीय कायद्याने ओतशाळांची गणना धोकादायक प्रक्रिया असलेल्या उद्योगांत केली आहे.

ओतशाळेतील धोके साधारणतः दोन प्रकारचे असतात. वितळलेल्या धातूचा उद्रेक, भाजणे, विषारी वायूची बाधा, जड वस्तू कोसळणे यांसारखे धोके आकस्मिक असतात. त्यांचा परिणाम तत्काळ दिसतो आणि त्यांची नोंदही होते. वाळूची धूळ, धातूचा धूर, आवाज, उष्णता व कंपने यांचे परिणाम मात्र अनेक वर्षांनी प्रकट होतात. तोवर कामगाराने काम सोडलेले असते किंवा कारखाना बदललेला असतो. त्यामुळे त्याच्या आजाराचा त्याने केलेल्या कामाशी संबंध जोडला जातोच असे नाही. फुप्फुसांचा सिलिकोसिस हा आजार या दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण आहे. तो बरा होत नाही, परंतु पूर्णपणे टाळता येतो.

ओतकामाची प्रक्रिया व धोक्याची ठिकाणे

ओतकामाच्या प्रत्येक टप्प्यावरील धोके वेगळे असतात.

साचेकामात सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, पाणी व कोळशाची भुकटी यांचे मिश्रण लाकडी किंवा धातूच्या नमुन्याभोवती ठासून साचा तयार करतात. ओलसर वाळू फारशी उडत नाही. परंतु वाळू चाळताना, वाहून नेताना व मिसळताना कोरडी धूळ पसरते. ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा म्हणजे कोअर बसवितात. वाळूचे कण बांधण्यासाठी त्यात फिनॉल-फॉर्माल्डिहाइड, फ्युरान किंवा आयसोसायनेटयुक्त रेझिने वापरतात. त्यांच्या बाष्पांमुळे डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांचा दाह होतो.

वितळकाम क्युपोला भट्टीत किंवा विद्युत इंडक्शन भट्टीत केले जाते. बीड साधारणपणे १,३०० ते १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला, तर पोलाद सुमारे १,६०० अंशांना ओततात. वितळलेला धातू लॅडल या पात्रातून साच्यांपर्यंत नेला जातो. ओतण्याच्या वेळी साच्यातील कोळसा व रेझिने जळतात आणि कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन व इतर सेंद्रिय संयुगे बाहेर पडतात.

धातू थंड झाल्यावर साचा फोडून वस्तू बाहेर काढण्याच्या क्रियेस नॉकआउट म्हणतात. यानंतर फेटलिंग म्हणजे साफसफाई केली जाते. तीत वस्तूवरील जादा धातू तोडणे, चिकटलेली जळकी वाळू काढणे, शॉट ब्लास्टिंग व ग्राइंडिंग ही कामे येतात. नॉकआउट व फेटलिंग हे धुळीच्या दृष्टीने ओतशाळेतील सर्वांत घातक टप्पे आहेत. साच्यातील ओलावा उष्णतेने निघून गेलेला असतो, वाळूचे कण तडकून बारीक झालेले असतात आणि हातोडा, छिन्नी व ग्राइंडर यांनी ते आणखी फुटतात. ताज्या फुटलेल्या सिलिका कणांचे पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या अधिक क्रियाशील असल्याने ते फुप्फुसांना जास्त अपायकारक ठरतात.

इतिहास

धातुकामामुळे होणाऱ्या आजारांची नोंद युरोपात सोळाव्या शतकापासून आढळते. गेऑर्गियस ॲग्रिकोला याच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'दे रे मेतालिका' या ग्रंथात खाणींतील धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या विकारांचे वर्णन आहे. व्यावसायिक वैद्यकाचा जनक मानला जाणारा इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विविध व्यवसायांच्या आजारांचा परामर्श घेतला. सतत तांबे ठोकणाऱ्या तांबटांना बहिरेपण येते, हे निरीक्षणही त्याने नोंदविले आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे चाकू-सुऱ्यांना वाळूच्या दगडावर धार लावणाऱ्या कामगारांचे फुप्फुसांच्या आजाराने होणारे अकाली मृत्यू हा वैद्यकीय चर्चेचा विषय झाला. विसाव्या शतकात ब्रिटनने ओतकामासाठी विशेष नियम केले. ओतीव वस्तू वाळूच्या झोताने साफ करण्यास १९४९ च्या नियमांनी तेथे बंदी घातली. साच्याचे दोन भाग एकमेकांस चिकटू नयेत म्हणून शिंपडल्या जाणाऱ्या सिलिकायुक्त भुकटीवर १९५० च्या नियमांनी निर्बंध आले. घातक पदार्थाऐवजी निरुपद्रवी पदार्थ वापरणे हाच प्रतिबंधाचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय, हे तत्त्व या नियमांमागे होते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली लोखंड व पोलाद ओतशाळांतील कामाला मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. श्वासावाटे शरीरात जाणारी स्फटिकी सिलिका १९९७ साली त्याच गटात आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ पासून सिलिकोसिसच्या निर्मूलनाचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला असून त्यासाठी २०३० हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिसर या तत्त्वाचा समावेश श्रम संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत केला.

आकस्मिक धोके

वितळलेला धातू व पाणी

वितळलेल्या धातूखाली किंवा धातूच्या आत पाणी अडकणे हे ओतशाळेतील सर्वांत भीषण अपघातांचे कारण आहे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान वातावरणीय दाबाला सुमारे १,७०० पट वाढते. हे क्षणार्धात घडत असल्याने वाफ वरील धातूला स्फोटासारख्या वेगाने उडविते. भट्टीत टाकलेले ओले भंगार, कोरडे न केलेले लॅडल, दमट साचा, गंजलेल्या पृष्ठभागातील ओलावा किंवा जमिनीवर साचलेले पाणी यांपैकी कोणतेही कारण त्यास पुरेसे ठरते.

भंगारातील बंद पोकळ वस्तू तितक्याच धोकादायक असतात. वायूची टाकी, वाहनाचा शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही टोके बंद असलेली नळी किंवा निकामी दारूगोळा भट्टीत पडल्यास आतील हवा, तेल वा स्फोटक प्रसरण पावून भट्टीतील धातू बाहेर फेकला जातो. म्हणून भंगाराची छाननी, पोकळ वस्तू कापून उघडणे, छपराखाली साठवण आणि वापरापूर्वी तापवून कोरडे करणे ही कामे सुरक्षिततेचा पहिला टप्पा मानली जातात.

८ नोव्हेंबर २००१ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील पोलाद कारखान्याच्या पाच क्रमांकाच्या झोतभट्टीत स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले. भट्टी थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेतील पाणी आतील तप्त द्रव्यात मिसळणे हे या स्फोटाचे कारण ठरले. ही भट्टी ओतशाळेतील भट्ट्यांच्या तुलनेत प्रचंड असली, तरी स्फोटामागील भौतिक कारण एकच आहे.

इंडक्शन भट्टी

इंडक्शन भट्टीत वितळलेला धातू आणि पाण्याने थंड ठेवलेले तांब्याचे वेटोळे यांच्यामध्ये केवळ उष्णतारोधक अस्तर असते. अस्तर झिजून धातू वेटोळ्यापर्यंत पोहोचल्यास पाणी व धातू यांचा संपर्क होऊन स्फोट होतो. त्यामुळे अस्तराची जाडी नियमित मोजणे, भूगळतीची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत ठेवणे आणि संपूर्ण भट्टीतील धातू सामावून घेईल असा कोरडा खड्डा खाली राखणे आवश्यक असते.

भट्टीत वरच्या बाजूस भंगार अडकून घट्ट थर तयार होणे हाही गंभीर धोका आहे. या थराखाली वितळलेला धातू दिसत नाही, त्याचे तापमान वेगाने वाढत राहते आणि अस्तर खचण्याची वा धातू उसळून बाहेर येण्याची शक्यता निर्माण होते. अशा वेळी वीजपुरवठा बंद करून माणसे दूर नेणे व उत्पादकाने दिलेल्या कार्यपद्धतीचे पालन करणे अपेक्षित असते. पहारीने तो थर फोडण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो.

लॅडल व उचलयंत्रे

१८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतातील तिएलिंग येथील पोलाद कारखान्यात सुमारे ३० टन वितळलेले पोलाद असलेले लॅडल निसटून उलटले. पाळीबदलाच्या वेळी जवळच्या खोलीत जमलेल्या कामगारांपर्यंत धातू पोहोचला आणि ३२ जण मरण पावले. वितळलेला धातू वाहून नेण्यासाठी योग्य नसलेले उचलयंत्र आणि धातूच्या मार्गालगत असलेली कामगारांची खोली या दोन्ही त्रुटी या दुर्घटनेतून समोर आल्या.

उचलयंत्रे, साखळ्या व आकडे यांची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी, लॅडल आपोआप कलंडू नये म्हणून दंतचक्राची व कुलपाची रचना आणि लॅडलच्या मार्गावर माणसांना मज्जाव हे त्यावरील मुख्य उपाय आहेत. लहान ओतशाळांत दोन माणसांनी दांड्याला धरून हाताने नेण्याचे लॅडल वापरतात. तेथे चालण्याची वाट सपाट, कोरडी व मोकळी असणे हेच सुरक्षिततेचे प्रमुख साधन ठरते.

विषारी वायू

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो. प्रारंभी डोकेदुखी, चक्कर व मळमळ जाणवते. अधिक प्रमाणात बाधा झाल्यास काही मिनिटांत शुद्ध हरपते. क्युपोला भट्टीचा परिसर, नुकतेच ओतलेले साचे, भूमिगत खड्डे व वायुनलिका ही त्याच्या साठ्याची ठिकाणे होत. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात झोतभट्टीचा वायू पसरून सहा जणांचा मृत्यू झाला.

बेशुद्ध सहकाऱ्याला बाहेर काढण्यासाठी श्वसनसाधनाविना आत उतरणारा माणूसही अशा जागी बळी पडतो. म्हणून बंद जागेत उतरण्यापूर्वी वायुमापन, लेखी परवाना, बाहेर थांबणारा साथीदार आणि बचावाची साधने ही चारही आवश्यक मानली जातात. कापडी किंवा धुळीचा मुखपट्टा या वायूपासून संरक्षण देत नाही.

धातूची भुकटी

ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या ग्राइंडिंगमधून निघणारी बारीक भुकटी हवेत तरंगत असताना ठिणगीने स्फोट पावू शकते. चीनमधील कुन्शान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी ॲल्युमिनियमची चाके घासून चकचकीत करणाऱ्या कारखान्यात असा स्फोट होऊन मृतांची संख्या अखेरीस १४६ वर गेली. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास हायड्रोजन निर्माण होऊन आग भडकते. ती विझविण्यासाठी कोरडी वाळू अथवा धातूच्या आगीसाठीची खास भुकटी वापरतात.

दीर्घकालीन आजार

सिलिकोसिस

सिलिका धुळीचे डोळ्यांना दिसणारे मोठे कण नाकात व घशात अडकतात. खरा धोका सुमारे ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान व डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांपासून असतो. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीराच्या भक्षक पेशी हे कण गिळतात. परंतु सिलिका पचत नसल्याने त्या पेशी मरतात व दाहकारक द्रव्ये सोडतात. मोकळे झालेले कण पुन्हा नव्या पेशी गिळतात. या चक्रातून फुप्फुसांत तंतुमय गाठी तयार होतात आणि त्यांची लवचिकता कमी होत जाते.

जुनाट सिलिकोसिस साधारणतः दहा किंवा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर दिसतो. धुळीचे प्रमाण जास्त असल्यास पाच ते दहा वर्षांत वेगवान प्रकार उद्भवतो, तर अतितीव्र संपर्कात काही आठवड्यांपासून पाच वर्षांच्या आत तीव्र प्रकार होऊ शकतो. प्रारंभी कोणतीही लक्षणे नसतात. पुढे चढ चढताना धाप लागणे, कोरडा खोकला, थकवा व वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात. धुळीचे काम थांबविल्यानंतरही आजार वाढत राहू शकतो.

सिलिकोसिस झालेल्या व्यक्तीस क्षयरोग होण्याची शक्यता बरीच वाढते. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने या दोन आजारांची सांगड विशेष घातक ठरते. दोहोंची लक्षणे सारखी असतात आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही बहुधा फुप्फुसांच्या वरच्या भागात आढळतात. रुग्णाच्या कामाची विचारणा न झाल्यास सिलिकोसिसला क्षयरोग समजून औषधे दिली जाण्याचा संभव असतो. अशा निदानामुळे रुग्णाचे दुहेरी नुकसान होते. क्षयरोगाच्या औषधांनी सिलिकोसिस बरा होत नाही, आणि कागदोपत्री व्यवसायजन्य आजाराची नोंद नसल्याने त्यास नुकसानभरपाई मागता येत नाही.

धातुधुराचा ताप

पितळ ओतताना त्यातील जस्ताची वाफ होते व हवेत झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर तयार होतो. तो श्वासात गेल्यावर काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी व तोंडात धातूची चव अशी लक्षणे येतात आणि एक-दोन दिवसांत नाहीशी होतात. शरीराला या धुराची तात्पुरती सवय होते, पण साप्ताहिक सुट्टीत ती मोडते. त्यामुळे हा ताप सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अधिक आढळतो. हिवताप वा साधा फ्लू समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. शिसेमिश्रित धातूंच्या धुरामुळे होणारी विषबाधा अधिक गंभीर असून ती रक्तनिर्मिती, मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांवर परिणाम करते.

आवाज, कंपने व उष्णता

नॉकआउट व फेटलिंग विभागांत आवाजाची पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ शकते. आवाजाने येणारे बहिरेपण हळूहळू, वेदनेविना व कायमचे येते. प्रथम उच्च वारंवारतेचे आवाज ऐकू येईनासे होतात. बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट कळत नाहीत. छिन्नीयंत्र व ग्राइंडर यांच्या कंपनांमुळे बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होते. थंडीत बोटे पांढरी पडतात व बधिर होतात.

भट्टीजवळ काम करणाऱ्यांना हवेच्या तापमानाबरोबर प्रारणाची उष्णताही सोसावी लागते. पेटके, थकवा व उष्माघात हे तिचे परिणाम आहेत. शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे नवे कामगार व दीर्घ सुट्टीवरून परतलेले कामगार यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ भट्टीवर नेमणे धोक्याचे असते. अवरक्त किरणांच्या दीर्घ संपर्काने डोळ्यांत मोतीबिंदू होतो. त्यापासून बचावासाठी योग्य छटेचा चष्मा वापरतात.

प्रतिबंधाचे उपाय

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते. धोका मुळातून काढून टाकणे, कमी घातक पर्याय वापरणे, यांत्रिक व्यवस्थेने माणूस व धोका यांना वेगळे करणे, कामाची पद्धत बदलणे आणि सर्वांत शेवटी वैयक्तिक संरक्षक साधने असा तिचा क्रम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा क्रम उलटा झालेला दिसतो. कामगाराला मुखपट्टा दिला की कर्तव्य संपले, असे मानले जाते.

सिलिका वाळूऐवजी ऑलिव्हिन, क्रोमाइट किंवा झिरकॉन वाळू वापरणे हा पर्यायाचा मार्ग आहे. मात्र त्यांची किंमत अधिक असते. वाळूच्या झोताऐवजी बंदिस्त यंत्रातील पोलादी छऱ्यांचा झोत सर्वत्र रूढ झाला आहे. नमुन्याची रचना व साच्याचा लेप सुधारल्यास वस्तूवर वाळू कमी चिकटते आणि फेटलिंगचे काम घटते. गुणवत्ता व आरोग्य ही दोन्ही उद्दिष्टे येथे एकाच उपायाने साधतात.

धूळ तिच्या उगमापाशीच ओढून घेणारी स्थानिक वायुनिष्कासन यंत्रणा हा अभियांत्रिकी उपायांचा गाभा होय. तिचे तोंड धुळीपासून थोडे जरी दूर गेले, तरी तिची परिणामकारकता झपाट्याने कमी होते. छतावरील पंखा किंवा उभा पंखा धूळ काढत नाही, तर ती इतरांपर्यंत पसरवितो. झाडूने कोरडी वाळू झाडणे व संपीडित हवेने यंत्रे किंवा कपडे साफ करणे या सवयी घातक आहेत. त्यांऐवजी निर्वात सफाई यंत्र वापरावे लागते.

धूळ दाबण्यासाठी पाणी शिंपडणे हा स्वस्त व प्रभावी उपाय असला, तरी ओतशाळेत तो सरसकट वापरता येत नाही. वाळू हाताळणी व सफाईच्या विभागात हितकारक ठरणारे पाणी भट्टीजवळ आणि ओतण्याच्या जागेत स्फोटाचे कारण होते. त्यामुळे ओले व कोरडे विभाग आखून वेगळे ठेवणे हे ओतशाळेच्या मांडणीचे महत्त्वाचे सूत्र आहे.

वितळलेल्या धातूजवळ काम करणाऱ्यांसाठी चामड्याचे किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले कपडे, मुखकवच व उष्णतारोधक हातमोजे असतात. नायलॉन व पॉलिएस्टरचे कपडे वितळून त्वचेला चिकटतात, म्हणून ते वर्ज्य आहेत. बूट नाड्यांविना व झटकन काढता येण्याजोगे असावेत आणि विजारीचे पाय बुटाच्या आत न खोचता बाहेरून सोडावेत, अन्यथा उडालेला धातू बुटात शिरतो. सिलिका धुळीसाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा प्रमाणित श्वसनपट्टा लागतो. दाढी असल्यास तो नीट बसत नाही. रुमाल बांधण्याने बारीक कण अडत नाहीत.

कायदेशीर तरतुदी

भारतात या विषयाचा आधार दीर्घकाळ कारखाने अधिनियम, १९४८ हा होता. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. लोहयुक्त व लोहेतर अशा दोन्ही प्रकारच्या ओतशाळा त्याच्या पहिल्या अनुसूचीत होत्या. या प्रकरणानुसार धोक्यांची माहिती कामगारांना देणे, कामावर घेण्यापूर्वी व नंतर कमाल १२ महिन्यांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी करणे, आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि सुरक्षा समिती नेमणे ही भोगवटादाराची कर्तव्ये ठरली. तत्काळ धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणण्याचा कामगारांचा हक्कही त्यात मान्य करण्यात आला.

अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतील पदार्थांच्या कमाल मर्यादा दिल्या होत्या. क्वार्ट्झयुक्त श्वसनीय धुळीची मर्यादा दर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये काढताना १० या संख्येस 'धुळीतील क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २' याने भागत. धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असल्यास ही मर्यादा सुमारे ०.३१ मिलिग्रॅम येते, म्हणजे प्रत्यक्ष सिलिका सुमारे ०.०९ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने २०१६ साली श्वसनीय सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी ०.०५ मिलिग्रॅम ठरविली. अधिनियमातील भारतीय मर्यादा तिच्या जवळपास दुप्पट होती.

सिलिकोसिस हा अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील अधिसूचित आजार होता. तो आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकास कळविणे हे व्यवस्थापकाचे, तसेच रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचेही कर्तव्य आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ यांनुसार हा भरपाईस पात्र व्यवसायजन्य आजार ठरविण्यात आला होता. मात्र त्यासाठी कामाचा कालावधी सिद्ध करावा लागतो. कंत्राटी कामगारांकडे हजेरीच्या वा वेतनाच्या नोंदी नसल्यास हा पुरावा देणे कठीण होते.

कारखाने अधिनियमासह १३ कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. विहित वर्गातील कामगारांची विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणी तीत बंधनकारक आहे. धोकादायक प्रक्रिया असलेल्या व २५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. त्याच वेळी, वीज वापरणारे आस्थापन 'कारखाना' ठरण्यासाठीची कामगारसंख्या १० वरून २० वर, तर वीज न वापरणाऱ्यासाठी २० वरून ४० वर नेण्यात आली. थोड्या कामगारांवर चालणाऱ्या ओतशाळांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. कारण धुळीचा घातकपणा कामगारसंख्येवर अवलंबून नसतो.

महाराष्ट्रातील स्थिती

कोल्हापूर हे देशातील प्रमुख ओतकाम केंद्रांपैकी एक आहे. ऑइल इंजिने, पंप व उसाचे चरक यांच्या दुरुस्ती-निर्मितीतून तेथील उद्योग वाढला आणि पुढे वाहनांच्या सुट्या भागांकडे वळला. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक क्षेत्रांत ओतशाळा आहेत. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सुरू केलेला लोखंडी नांगरांचा कारखाना हा महाराष्ट्रातील आधुनिक ओतकामाच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी होय. जालना येथील पोलाद कारखाने इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवितात. त्यामुळे भंगाराच्या छाननीचा प्रश्न तेथेही तितकाच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी हाताने ठोकून घडविण्याची परंपरा टिकून आहे. रामाझ्झिनीने वर्णिलेला तांबटांचा बहिरेपणा हा अशा कामातील कायमचा धोका आहे.

राज्यात कायद्याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. मुंबईतील केंद्रीय श्रम संस्था प्रशिक्षण व सर्वेक्षणाचे, तर अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था संशोधनाचे काम करते. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. हा दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

ओतशाळांत इतर राज्यांतून आलेल्या कामगारांचा मोठा भरणा असतो. कारखाने अधिनियमातील सूचनाफलक इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत अशी तरतूद होती. मराठी न वाचता येणाऱ्या कामगारासाठी मराठी फलक निरुपयोगी ठरतो आणि निरक्षर कामगारापर्यंत कोणताच फलक पोहोचत नाही. अशा ठिकाणी चित्रे, प्रात्यक्षिके व अनुभवी कामगारांकडून तोंडी प्रशिक्षण यांचा अवलंब करावा लागतो.

आरोग्य देखरेख

धुळीच्या संपर्कातील कामगाराच्या देखरेखीत कामाचा संपूर्ण इतिहास, छातीचे क्ष-किरण चित्र, फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, श्रवणचाचणी व क्षयरोगाची तपासणी यांचा समावेश होतो. क्ष-किरण चित्रांचे वाचन आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाणित वर्गीकरणानुसार केल्यास निरनिराळ्या वर्षांच्या चित्रांची तुलना करता येते.

सिलिकोसिस उशिरा प्रकट होत असल्याने काम सोडल्यानंतरची तपासणीही आवश्यक ठरते. कामगाराने केलेल्या कामाचे स्वरूप, त्याचा कालावधी आणि तपासणीचे अहवाल यांच्या प्रती त्याच्याजवळ असल्यास पुढील निदान सोपे होते. भरपाईच्या दाव्यात बहुधा हाच निर्णायक पुरावा ठरतो.